पोरीला ए ते झेड येतं, मग किटात कशाला?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये बर्लिनला येताय, मुलगी सव्वातीन वर्षांची आहे आणि वहिनी पहिलं वर्षभर घरीच असतील. मग पोरीला तिथल्या बालवाडीत, म्हणजे किटात, घालायचं कशाला? तुमच्या आईंचं म्हणणं, घरी चांगली खेळतेय, आणि जळगावच्या नर्सरीत ए ते झेड झालंच आहे.

आम्ही अमळनेरहून आलो तेव्हा आमचा मुलगा याच वयाचा होता, म्हणून सरळ सांगते, घाला. पण ए ते झेडसाठी नको, कारण ते इथे शिकवतच नाहीत. अक्षरं सहाव्या वर्षी, शाळेत गेल्यावर. पहिल्या महिन्यात मी बाईंना विचारलं, आज काय शिकवलं? त्यांनी खुंटीवरची त्याची रबरी पँट दाखवली. गुडघ्यापर्यंत चिखल! मला तेव्हा रागच आला होता. फ्रोबेलने 1837 मध्ये याच देशात पहिली बालवाडी काढली ती खेळातून शिकण्यासाठीच. आणि लांब कशाला जा, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 पासून बोर्डीत तेच करत होत्या. आपणच ते विसरलो आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल दिली.

आता फायदा होतो का, याचं प्रामाणिक उत्तर. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1962 पासून गरीब घरातल्या 123 मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना चांगली बालवाडी दिली, काहींना नाही, आणि मग ती चाळिशीत जाईपर्यंत त्यांची माहिती ठेवली. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत विरून गेली, पण बालवाडीत गेलेली मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, पोलिसांच्या हाती कमी लागली. उलट कॅनडातल्या क्विबेकने 1997 मध्ये पाच डॉलर रोजाने सरसकट पाळणाघरं उघडली, तर बऱ्याच मुलांची चिडचिड आणि भांडखोरपणा वाढलेला दिसला. म्हणजे सगळं त्या जागेवर आणि घरच्या परिस्थितीवर. तुमच्या घरात गोष्टी सांगणारी आजी आहे, पुस्तकं आहेत. जळगावातच राहणार असता तर वर्षभर घरी ठेवली म्हणून पोर मागे पडली नसती.

पण बर्लिनला आजी नसणार. अंगण नसणार. चौथ्या मजल्यावर वहिनी आणि पोर दोघीच, आणि नोव्हेंबरात चार वाजता अंधार. शिवाय भाषा. मुलगा पाच महिने किटात एक शब्द बोलला नाही. मी रडायची बाकी होते. बाई म्हणायच्या, तो ऐकतोय, थांबा. मग एक दिवस घ्यायला गेले तर लाल फावडं छातीशी धरून दुसऱ्या पोरावर ओरडत होता, “नाइन, माइन्स!” म्हणजे, नाही, माझं आहे! घरी चुलतभावाला “नाही, मनं शे!” म्हणायचा ना, अगदी त्याच सुरात. दुसऱ्या दिवसापासून तोंड सुरू झालं ते आजतागायत. मला तेवढं जर्मन यायला दोन वर्षं लागली.

घरी मात्र मराठी-अहिराणीच बोला. मोडकंतोडकं जर्मन आपण शिकवायला जायचं नाही, ते किटातली पोरं शिकवतात.

एक चूक माझी झाली, तुम्ही करू नका. सुरुवातीला सवय लावण्याचा काळ असतो. पहिले तीन दिवस आई किंवा बाप तासभर मुलाजवळच बसतो, साधारण चौथ्या दिवशी पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन बघतात. मूल शांत झालं तर वेळ वाढवतात, नाही झालं तर थांबतात. माझा भाषेचा क्लास होता म्हणून मी घाई केली आणि बाथरूमला जाते सांगून निसटले. पुढे तीन आठवडे तो माझा दुपट्टा सोडेना. निरोप घेऊनच निघायचं, रडली तरी चालेल. तुम्ही पहिला महिना सुट्टी घ्या किंवा वहिनींना पूर्ण मोकळं ठेवा.

पैशाची काळजी नको. बर्लिनमध्ये फी नाही, आम्ही जेवणाचे महिन्याला 23 युरो भरायचो. दुसऱ्या राज्यात गेलात तर हिशोब वेगळा. मूल एक वर्षाचं झालं की किटातल्या जागेवर हक्क सांगू शकतं असा कायदा 2013 पासून आहे, पण कायदा वेगळा आणि रिकामी जागा वेगळी. पत्ता ठरला की लगेच आसपासच्या दहा-बारा किटांना लिहा. आम्ही पोचल्यावर सुरुवात केली, सात महिने गेले.

आणि निघण्याआधी पोरीचं लसीकरणाचं कार्ड शोधा. गोवराचे दोन डोस झाल्याची नोंद दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत, 2020 पासून तसा कायदाच आहे. आमचं कार्ड मराठीत, शाई पुसट, तारीख वाचता येईना. डॉक्टरांकडून इंग्रजीत, शिक्क्यासह लिहून घ्या. रबरी पँट इथे घ्या, तिकडून आणू नका; आणलेला रेनकोट पहिल्याच आठवड्यात फाटला.