चित्रशिळांसाठी स्वीडनला येताय? स्टॉकहोम की गोटलंड

वीरगळांवर काम झालंय, आता व्हायकिंग काळातली दगडी शिल्पं आणि धातुकाम शिकायला दोन वर्षं स्वीडनला यायचंय, राहायचं कुठे, असं तुम्ही विचारलंत. दगड हाच मुख्य विषय असेल तर गोटलंड बेट. विस्बी गावात उपसाला विद्यापीठाचं आवार आहे; मात्र हवा तो अभ्यासक्रम तिथे शिकवतात की उपसालात, हे अर्जाआधी नीट पाहा. अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत करायचा असतो. युरोपबाहेरच्यांना शुल्क पडतं आणि पहिला हप्ता भरल्यावरच निवास परवान्याचं काम पुढे जातं, म्हणून वसंतातच पैसे हाताशी हवेत.

गोटलंडच्या चित्रशिळा, म्हणजे चित्रं कोरलेले उभे दगड, चुनखडकाच्या, साधारण इ.स. 400 ते 1100 मधल्या. बुंगे इथल्या स्टोरा हमार्स शिळेवर आडवे पट्टे आहेत आणि तळाशी शिडाचं जहाज. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवरची जहाजं आठवतीलच! पण खाली युद्ध, वर स्वर्ग, माथ्यावर शिवलिंग असा आपला ठरलेला क्रम इथे लावू नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. शिळांवरच्या रेषा आधुनिक काळात रंगवलेल्या असतात, म्हणजे आपण कोरीव काम नव्हे, रंगवणाऱ्याचं वाचन पाहत असतो. झिजलेल्या जागी ते चुकलेलंही असू शकतं. संग्रहालयाची परवानगी घेऊन टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ आडवा धरा, म्हणजे तिरप्या उजेडात उथळ रेषांच्याही सावल्या पडतात; तो चारही बाजूंनी फिरवा, प्रत्येक बाजूचा फोटो घ्या आणि मगच रेखाटन करा. उघड्यावरच्या शिळांसाठी डिसेंबर उत्तम: विस्बीत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 9 अंश वर असतो. खडू, पाणी, ब्रश दगडाला लावायचं नाही.

धातुकामासाठी स्टॉकहोमचं ऐतिहासिक संग्रहालय गाठा; विस्बीहून स्टॉकहोमजवळच्या नीनेसहाम्न बंदराची फेरीबोट तीन तासांच्या थोडी वर घेते. बायकांचे लंबगोल ब्रोच मातीच्या साच्यात ओतलेले. सगळे पुढची नक्षी पाहतात. तुम्ही मागची बाजू दाखवायची विनंती करा. साचा करताना वापरलेल्या कापडाचा ठसा तिथे सापडतो, पिनेजवळ कधी तांब्याच्या गंजाने टिकवलेले कपड्याचे धागेही. याच संग्रहालयात हेल्गे बेटावर 1956 साली मिळालेली स्वात खोऱ्यातली छोटी बुद्धमूर्ती आहे, ती चुकवू नका.

मेटल डिटेक्टर मात्र आणू नका; जिल्हा प्रशासनाच्या परवान्याविना तो वापरणं इथे गुन्हा आहे.