अमेरिकेतल्या स्टॉक आउटबोर्ड रेसिंगमध्ये, म्हणजे मागच्या बाजूला इंजिन टांगलेल्या छोट्या बोटींच्या शर्यतींमध्ये, नवीन इंजिन आणणं इतकं अवघड का जातं?

कारण 'स्टॉक' म्हणजे कारखान्यातून आलं तसंच इंजिन. शर्यतीनंतर तपासनीस ते उघडतात, कार्बोरेटरचं भोक, पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांची) उंची मोजतात. म्हणजे नव्या इंजिनाची मापं आधी नियमात बसवावी लागतात. पण खरी अडचण माणसांची आहे. ज्यानं वर्षानुवर्षं जुनं मर्क्युरी कंपनीचं इंजिन जपलं, सुटे भाग शोधून शोधून साठवले, त्याची सगळी पुंजी नवं इंजिन वेगवान निघालं तर एका हंगामात भंगारात जाते. त्याचा विरोध मला अगदी समजतो.

तरीही नवं हवंच. जुन्यांचे भाग मिळेनासे झाले की शर्यतीचा तो वर्गच ओस पडतो. सी स्टॉक या वर्गाचं उदाहरण बघा. तिथं जपानच्या क्योतेई, म्हणजे पैज लावून होणाऱ्या मोटरबोट शर्यतींतलं यामातो इंजिन आलं आणि रुजलं. जपानमध्ये ही इंजिनं साधारण वर्षभर वापरून बदलतात, त्यामुळे वापरलेली, पण एकसारखी इंजिनं मिळू शकतात.

माझं मत: नवं इंजिन आधी जुन्यांच्याच वर्गात, रेस्ट्रिक्टर प्लेट लावून पळवा. प्लेट म्हणजे भोक पाडलेली पातळ चकती, तिनं ताकद आटोक्यात राहते. वेग जुळेपर्यंत भोक कमी-जास्त करा, किमान वजनही वाढवून बघा. जुन्या मंडळींना मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.