नेट समाजशास्त्रातच दे, कोर्टाची पायरी मात्र सोडू नकोस

प्रश्न : बाई, मी सोलापूरची, वय 28. समाजशास्त्रात एम.ए. केलं, 59 टक्के. घर सेटलमेंट भागाजवळ आहे. दोन वर्षं एका संस्थेतर्फे कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांच्या घरच्यांना जामिनाच्या कामात मदत करते. मला कॉलेजात शिकवायचंय, तेही शहर आणि फौजदारी न्याय हेच. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, गुन्हेगारीशास्त्रात देऊ का? शहराच्या अभ्यासासाठी वेगळी जागा निघते का? घरचे म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेत लाग.

उत्तर : ज्या विषयात एम.ए., त्याच विषयात नेट द्यायची. गुन्हेगारीशास्त्र हा नेटला वेगळा विषय आहे, पण तुझं एम.ए. समाजशास्त्राचं, तेव्हा तू समाजशास्त्रच घे. शहराच्या अभ्यासाचा असा स्वतंत्र विषय तिथे नाही. शहरावर शिकवणारी माणसं समाजशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र अशा वेगवेगळ्या दारांनी आत येतात. 55 टक्क्यांची अट तू ओलांडलीच आहेस. जेआरएफला, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीला, 30 वर्षांची मर्यादा असली तरी मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. ती मिळाली तर महिना 37 हजार, म्हणजे पीएच.डी.साठी कुणापुढे हात पसरायला नको. सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, तीही दे. पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी.

तुला हवी तशी पाटी लावलेला विभाग क्वचितच सापडेल. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय शिकवतात, तिथलाच ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो. पीएच.डी.साठी तिथे अर्ज कर. पण जाहिराती बघताना विधी महाविद्यालयांच्याही बघ, हे मला आवर्जून सांगायचंय. पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला समाजशास्त्र असतं, आणि ज्या बाईनं जामिनासाठी खेटे घातलेत तिची त्या वर्गाला फार गरज आहे. शहराचं म्हणशील तर, मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये समाजशास्त्र सुरू झालं तेव्हा पहिले प्राध्यापक होते पॅट्रिक गेडिस, नगररचनाकार. म्हणजे शहर हा आपल्या विषयाचा जुना घरचा माणूस आहे.

मी मुंबईत पंचवीस वर्षं शिकवलं. दर जानेवारीत तृतीय वर्षाची मुलं घेऊन दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जायचे. एका वर्षी व्हरांड्यात एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत रेशनकार्ड, घड्यांवर फाटलेलं आणि सेलोटेपनं जोडलेलं. मुलाला जामीन मंजूर होऊन सात आठवडे झाले होते, पोरगा आतच. फूटपाथवरची झोपडी पाडली गेली, कार्डावरचा पत्ता उरला नाही, आणि जामीनदार राहायला तयार असलेल्या दिराकडे ऐपतीचा दाखला नव्हता. माझ्या एका विद्यार्थिनीनं वहीत ‘पत्ता’ एवढाच शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. फूटपाथवासीयांचं पोट हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगणारा ओल्गा टेलिस खटल्याचा 1985 चा निकाल त्या आठवड्यात मी त्या पिशवीपासून शिकवायला घेतला. पुढे दर वर्षी तसाच शिकवला.

तुला असा व्हरांडा रोज दिसतो. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिचं कलम 479 पाठ असू दे. आधी कधीच दोषी न ठरलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जामिनावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून.

पैशाचंही स्पष्ट बोलू. कायम जागेचं मूळ वेतन 57,700 पासून, पण तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांची वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या हिशेबानं मानधन घेत, जातात. मीही एका कॉलेजात तशी तीन काढली. मानधन वर्षाअखेर एकरकमी यायचं, मे महिना कोरडा. त्या काळात आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. म्हणून तासिका घे, पण संस्थेतलं काम सोडू नकोस. घरच्यांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी भांडू नकोस, पण बी.एड.ची दोन वर्षं आत्ता घालवू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

तुझा विषय तर तू पत्राच्या तिसऱ्याच ओळीत लिहिला आहेस. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि कुंपणाआड वसवल्या, त्याच या सेटलमेंट. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला. आज सेटलमेंटचा पत्ता सांगणाऱ्या पोराला जामीनदार मिळायला किती दिवस लागतात, आणि शेजारच्या पेठेतल्याला किती? तुझ्या फायलींमधून तारखा काढ, नावं गाळ, वहीत मांड. आणि कुंपणाच्या आत जन्मलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. परीक्षेचा अभ्यास संध्याकाळी होईल, त्यांच्याकडे या रविवारीच जा.