हौस, नाद की उधळपट्टी?

प्रश्न सांगलीहून आला आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे, 'अतिश्रीमंतांनी स्वतःच्या मनासारख्या प्रकल्पांवर अफाट पैसा घालावा का?' मुलीने भाषणात सगळीकडे 'उधळपट्टी' लिहिले होते. बाईंनी तो शब्द खोडून 'हौस' केला. घरी आजोबांनी वही वाचली आणि म्हणाले, ह्याला 'नाद' म्हणतात. यातला बरोबर शब्द कोणता? शिवाय 'कोट्याधीश' बरोबर की 'कोट्यधीश'?

आधी उधळपट्टी. शब्दाचा जीव 'उधळणे' या क्रियापदात आहे, म्हणून ते नीट पाहू. कऱ्हाड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात. निवडणुकीच्या निकालाला गुलाल उधळतात. बैल उधळतो, सभा उधळली जाते, रंगात आलेला डाव उधळतो. या सगळ्यांत समान काय? मुठीत, दावणीत, शिस्तीत असलेली गोष्ट आवराबाहेर सुटते. किती सुटली याला महत्त्व नाही, सुटली याला आहे. पसाभर भंडाराही उधळता येतो, आणि पोतेभर भंडारा नीट मोजून वाटला तर त्याला उधळणे म्हणत नाहीत.

'-पट्टी' हे शेपूट 'खरडपट्टी'तही आहे. दोन्हीकडे क्रिया सपाटून झाल्याचा अर्थ येतो आणि दोन्हीकडे बोलणाऱ्याची नापसंती असते. म्हणून 'उधळण' आणि 'उधळपट्टी' एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कौतुकाची, सुरांची, रंगांची उधळण होते. तिथे उधळपट्टी लिहिले तर अर्थाचा विचका होतो. उलट सरकारी पैशाची 'उधळण' असा मथळा दिला की टीका निम्मी बोथट होते, कारण भंडाऱ्याचा पिवळा रंग त्या शब्दाला अजून चिकटून आहे.

उधळपट्टीला आणखी एक अट आहे, ती म्हणजे ऐपत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण अंथरूण तोकडे आहे असे धरून चालते. 'ऋण काढून सण' मध्येही तेच. पगारदाराने लग्नासाठी शेत गहाण टाकले तर ती उधळपट्टी. पण ज्याचे अंथरूण क्षितिजापर्यंत गेले आहे त्याने पाय कितीही पसरले तरी म्हण त्याला अडवत नाही. आपल्या म्हणी मध्यम आणि गरीब घरांना सावध करण्यासाठी घडल्या. अब्जावधी बाळगणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. मुलीचे भाषण अडखळते ते नेमके इथे. प्रतिपक्ष म्हणेल, 'त्याला परवडते, मग उधळपट्टी कशी?' आणि मराठीच्या चालीने त्याचे म्हणणे बरोबर ठरेल.

एक ठळक उदाहरण घेऊ. अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी ब्लू ओरिजिन ही अवकाशयानाची कंपनी २००० मध्ये काढली. आपण वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलरचे अ‍ॅमेझॉनचे शेअर विकून तिला पैसा पुरवतो, असे त्यांनी २०१७ मध्ये सांगितले होते. २० जुलै २०२१ रोजी ते स्वतः त्या यानातून १०० किलोमीटरच्या वर जाऊन आले. सारे उड्डाण दहा-अकरा मिनिटांचे. याला उधळपट्टी म्हणावे का? वीस वर्षे ठरवून, हिशेबाने, एका दिशेने पैसा घातला आहे. मूठ कुठे सुटलेली नाही. एवढ्या पैशात दुसरे काय झाले असते हा प्रश्न रास्त आहे, पण तो 'उधळणे' या क्रियापदाचा प्रश्न नाही.

परतल्यावर मात्र बेझोस यांनी अ‍ॅमेझॉनच्या कर्मचाऱ्यांचे आणि ग्राहकांचे आभार मानले आणि या सगळ्याचे पैसे तुम्हीच भरलेत, अशा अर्थाचे बोलले. मुलीने हे वाक्य पकडावे. पैसा दुसऱ्याचा असला की ऐपतीची अट गळून पडते. सरकारी तिजोरी, देवस्थानची पेटी, सोसायटीची ठेव, वाडवडिलांची इस्टेट यांच्याबाबत रक्कम लहान असली तरी उधळपट्टी हा शब्द बिनदिक्कत चालतो. म्हणजे 'उधळपट्टी' ठेवायची असेल तर आधी 'हा पैसा खरा कुणाचा?' हे भाषणात मांडावे लागेल. ते न मांडता शब्द वापरला तर तो नुसता शिवीसारखा वाटतो.

आता बाईंचा शब्द. 'हौस' मूळ अरबी 'हवस', फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत त्याच शब्दाला वासनेचा काळा रंग चढला. मराठीत मात्र तो घरातला, गोड शब्द झाला: हौसेने केलेले लोणचे, हौसमौज, डोहाळजेवणाची हौस. मुले हिंदी मालिका पाहून 'पैशाची हवस' लिहितात. तिथे मराठीत 'हाव' हवी. हौस आणि हाव यांत फरक आहे, आणि तो क्रियापदांत दिसतो.

हौस भागते, हौस फिटते. 'फिटणे' हे कर्जाचे क्रियापद आहे. देणे चुकते झाले की विषय मिटतो, तशी हौस पुरी झाली की मिटते. हाव सुटते, मग ती भागत नाही. छंद जोपासतात. व्यसन जडते. चैन परवडते किंवा परवडत नाही. उधळपट्टी होते आणि ती कुणीतरी थांबवावी लागते. आणि नाद? नाद लागतो, नाद सुटतो, नाद 'फिटला' असे कुणी म्हणत नाही. कोणता शब्द वापरावा याचा निवाडा या क्रियापदांवर सोडला तर सहसा फसगत होत नाही. वाक्यात शब्दाऐवजी त्याचे क्रियापद घालून पाहायचे, जुळले तर शब्द बरोबर.

बेझोस यांची ती अवकाशातली फेरी ही हौस, कारण ती एकदा जाऊन आल्यावर फिटली असे म्हणता येते. पण वर्षानुवर्षे पैसा घालून पोसलेली कंपनी फिटण्यातली नाही. आजोबांचा शब्द तिथे चपखल बसतो.

साताऱ्या-सांगलीकडे 'नाद' शब्दाची पत निराळी आहे, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. पुस्तकी मराठीत 'नादी लागणे' म्हणजे बिघडणे. इकडे खिल्लार बैलाचा नाद असतो, कुस्तीचा नाद असतो, आणि तो असणाऱ्याविषयी आदराने बोलतात. घरच्या दुधातला पहिला वाटा पैलवान पोराला, पेंडीतला चांगला वाटा शर्यतीच्या बैलाला, असा तो घरादाराने पोसलेला असतो. 'नादच खुळा' ही दाद आहे. 'त्याचा नाद करायचा नाही' हा इशारा आहे, तिथे नाद म्हणजे कुरापत. एकाच गावात एकच शब्द तीन सुरांत चालतो. परीक्षक बाहेरचे असतील तर मुलीने 'आमच्याकडे ज्याला नाद म्हणतात' असे अर्धे वाक्य जोडावे, नाहीतर व्यसन असाच अर्थ घेतला जाईल.

चौथा शब्द वहीत कुणी लिहिला नाही, पण हवा होता: बडेजाव. त्याच्या बाजूला डामडौल, भपका, मिरवणे. या शब्दांना बघणारा लागतो. एकट्याने दार लावून चैन करता येते, हौस भागवता येते, बडेजाव नाही करता येत. दिखाऊ खर्चावर टीका करायची असेल तर मराठीत हाच नेमका शब्द आहे आणि त्याला ऐपतीची अट नाही. कितीही श्रीमंत माणसाचा बडेजाव हा बडेजावच. (चैन या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. हिंदीत तो पुल्लिंगी, अर्थ स्वस्थता. मराठीत स्त्रीलिंगी आणि अर्थ सुखासीन खर्च. जुना अर्थ आपल्या 'चैन पडत नाही' मध्ये तेवढा शिल्लक आहे.)

जुन्या धनवंतांच्या खर्चाला आपण कोणते शब्द वापरतो तेही तपासावे, कारण तिथे आपली जीभ लगेच मऊ होते. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. मोटा चालवायच्या धक्क्यावरून आमराईला पाणी जायचे, आणि त्याच बांधकामात विहिरीच्या पोटात कोरीव खांबांचा छोटा महाल आहे. नुसत्या पाण्यासाठी महालाची गरज नव्हती. तो हौसेचा. मोटांचा भाग मात्र सत्कारणी लागलेला पैसा. एकाच दगडी कामाला दोन शब्द लागू पडतात आणि दोन्ही खरे आहेत. 'सत्कारणी लावणे' याच्या उलट 'पैसा पाण्यात घालणे' म्हणतात. या विहिरीत मात्र पैसा पाण्यात घातला तोच सत्कारणी लागला.

सांगलीचे उदाहरण तर मुलीच्या दारातलेच आहे. चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांच्याकडून नाटक करवून घेतले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगले. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून धरतो. पात्रांचा, वेशांचा भार संस्थानावर होता. म्हणजे एका संस्थानिकाची हौसच, पण आपण तिला 'राजाश्रय' म्हणतो, कारण नंतर काय उभे राहिले ते आपल्याला माहीत आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला, मंडळी दौऱ्यावर निघाली आणि पुढे मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. 'हौशी' आणि 'धंदेवाईक' ही नाटकातली आजची जोडी ज्या फरकावर उभी आहे तो हाच. आणि 'हौशी' शब्दात कमीपणा नाही, बिनमोबदल्याची निष्ठा आहे. राजाश्रय हे नाव मात्र काळ देतो, चालू खर्चाला ते लावणे घाईचे. आजच्या एखाद्या धनिकाच्या प्रकल्पाला भाषणात 'राजाश्रय' म्हटले तर परीक्षकांनी जरूर अडवावे.

टेक्सासमधल्या डोंगरात दहा हजार वर्षे चालावे असे एक यांत्रिक घड्याळ बसवले जात आहे. त्यालाही बेझोस यांनी ४ कोटी २० लाख डॉलर दिले. त्यातून आमराई भिजत नाही की नाटक उभे राहत नाही. तो शब्दाच्या शुद्ध अर्थाने हौसेचा खर्च आहे. माझे मत स्पष्ट आहे: अशा कामाला उधळपट्टी म्हणू नये, पण लोकोपयोगी म्हणूनही खपवू नये. श्रीमंतांच्या हौसेला लोककल्याणाचे नाव देणे ही शब्दाची जास्त मोठी चूक आहे, कारण उधळपट्टी म्हणणारा निदान प्रश्न तरी विचारत असतो.

'पांढरा हत्ती' हा वाक्प्रचार मुलीने दोनदा वापरला आहे. तो इंग्रजीतून आलेला आहे, चालेल, पण त्याचा अर्थ 'महाग वस्तू' असा नाही. घ्यायला नव्हे, पोसायला परवडत नाही आणि टाकताही येत नाही अशी गोष्ट, असा आहे. आपल्याकडे दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. तेव्हा हत्ती शब्द आला की मराठी कान आधी कौतुक ऐकतो, म्हणून 'पांढरा' वगळून चालत नाही. ज्याला पोसणे सहज परवडते त्याच्या प्रकल्पाला हा वाक्प्रचार मुळीच लागू नाही. मालक गेल्यावर तो गळ्यात पडला तर वारसांना लागू होईल.

भाषणाच्या विषयवाक्यात बाईंची 'हौस' राहू द्यावी, ती पक्षपाती नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या खर्चासाठी 'नाद'. लोकांना दिपवण्यासाठी केलेल्या खर्चावर टीका करताना 'बडेजाव'. 'उधळपट्टी' एकाच परिच्छेदात, जिथे पैसा कामगारांचा, भागधारकांचा किंवा करदात्यांचा असल्याचे ती दाखवणार आहे तिथे. आणि 'वारेमाप उधळपट्टी' लिहू नये. मूठ सुटली हे उधळपट्टीतच आले, पुन्हा 'माप नाही' सांगायची गरज उरत नाही. 'अवाजवी' हे विशेषण मात्र तिने 'खर्चा'ला जरूर लावावे. वाजवी हा बाजारातला रोजचा शब्द, त्यामुळे अवाजवी म्हटले की ऐकणारा आपोआप मनात भाव करू लागतो.

राहिला शेवटचा प्रश्न. कोटि + अधीश. इ पुढे अ आला की इ चा य होतो, म्हणून 'कोट्यधीश', ट्य ला काना नाही. 'कोट्याधीश' चुकीचे. ही चूक शेजारच्या शब्दांमुळे होते: लक्ष + अधीश = लक्षाधीश, अब्ज + अधीश = अब्जाधीश. तिथे अ अधिक अ असल्याने काना रीतसर येतो आणि हात तीच सवय 'कोटी'ला लावतो. 'अरबपती' हिंदीचा, मराठीत 'अब्जाधीश' आहेच. १ अब्ज म्हणजे १०० कोटी. आकडा डॉलरचा असेल तर प्रत्येक वेळी 'डॉलर' लिहावे. मुलीच्या वहीत एका ठिकाणी 'वर्षाला १ अब्ज रुपये' झाले आहे, तेवढे दुरुस्त करावे.