गाव वसवायचं तर आधी कुलपाची किल्ली शोधा

प्रश्न : आमच्या वाडीत चाळीस घरं, त्यातली बावीस कुलूपबंद. राहतात ते बहुतेक साठीपुढचे. बाहेरची पाच कुटुंबं आणून वसवायचं ग्रामसभेत ठरलं, मोबाइलवर जाहिरातही फिरवली. फोन पुष्कळ आले, राहायला कुणी आलं नाही. चुकलं कुठे?
– ग्रामपंचायत सदस्य, वेल्हे (राजगड) तालुका

उत्तर : जाहिरात आधी झाली, घर नंतर शोधलं. फोन करणारा विचारतो, घर कुठलं, भाडं किती, आणि आपण म्हणतो, ‘या तर खरं, बघू.’ तिथेच तो गळतो.

एक वही घाला. बावीस घरांचा घर क्रमांक, नमुना नंबर ८ वरचं नाव, हयात वारस, त्यांचे फोन, छपराची अवस्था, वीजमीटर आणि नळ आहे की नाही, एवढं लिहा. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोनमोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. (या मोजणीचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत झाला.) पत्रिकेवर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद. मग घर निवडताना देखण्या वाड्याच्या नादी लागू नका. अकरा वारसांच्या वाड्यापेक्षा दोन भावांचं तीन खणी घर बरं.

वारस ‘विकायचं नाही’ म्हणतील. विकायला सांगूही नका, भाड्याने मागा. तरी अडेल ते देवघरापाशी. जपानमध्ये २०२३च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. तिथल्या नगरपालिका-गावपालिका रिकाम्या घरांची नोंद ठेवणाऱ्या ‘अकिया बँका’ चालवतात, तरी मालक हात आखडतात, कारण घरात पूर्वजांचा देव्हारा असतो आणि पूर्वजांच्या स्मरणाच्या ओबोन सणाला मुलंबाळं येतात. आपल्याकडे ओबोनच्या जागी गौरी-गणपती आणि गावची यात्रा, एवढाच फरक. म्हणून देवाची खोली मालकाकडे राखून ठेवा, सणाचे चार दिवस तो येईल हे करारातच लिहा. करार ११ महिन्यांचा, लेखी, नोंदणी केलेला हवा. सह्या सगळ्या हिस्सेदारांच्या, नाहीतर एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र. एका भावाच्या तोंडी होकारावर माणूस राहायला आणलात, तर दुसरा भाऊ दिवाळीत येऊन सामान अंगणात काढतो. अशी बातमी पंचक्रोशीत फिरली की पुढचं घर मिळत नाही.

शाकारणी मे महिन्यातच उरका. बंद घराचं एक कौल सरकलं की पाणी वाशावर उतरतं, वासा कुजला की आढं बसतं, आणि मातीच्या भिंतीचा माथा भिजला की दोन पावसाळ्यांत भिंत पोटातून फुगते. अशी फुगलेली भिंत दिसली तर ते घर यादीतून काढा. डागडुजीचा खर्च मालक भाड्यातून वळता करून घेईल, असं ठरवता येतं.

पाण्याचा हिशेबही आधी करा. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी दिवसाला ५५ लिटर, म्हणजे पाच जणांच्या पाच कुटुंबांना दिवसाला १,३७५ लिटर. मे महिन्यात विहिरीला एवढं जास्तीचं पाणी नसेल, तर पाच नव्हे, दोनच कुटुंबं बोलवा. हिवरेबाजारात १९८९ नंतर गाव सोडून गेलेली कुटुंबं परतली, ती आधी पाण्याचं काम झालं म्हणून.

शेवटी, ‘कुणीही या’ म्हणू नका. जपानच्याच तोकुशिमा प्रांतातल्या कामियामा गावाने घर देतानाच अमुक धंद्याचा माणूस हवा, उदाहरणार्थ बेकरीवाला, असं सांगून टाकलं. तुमच्याकडे गिरणी बंद असेल तर गिरणीवाला मागा. वायरमन वेल्ह्याहून बोलवावा लागत असेल तर वायरमन. आणि पहिला फोन पुण्यात भाड्याने राहणाऱ्या आपल्याच वाडीतल्या पोरांना करा. त्यांना वारस ओळखतात, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न : शाळेचा पट सहा आहे. दोन-तीन मुलं आली तर शाळा वाचेल का?
– शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, भोर

उत्तर : वाचेलच असं लिहून देता येणार नाही, पण वेळ पाळा. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात. दिवाळीनंतर आलेलं मूल त्या वर्षी हिशेबात येत नाही, तेव्हा कुटुंब जूनमध्येच आणा. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश अडवता येत नाही. मुलाचं आधार कार्ड मात्र लगेच शाळेच्या नोंदीशी जुळवून घ्या. शनिवार-रविवारी येणाऱ्या फार्महाउसवाल्यांनी पट वाढत नाही. मुळशी-मावळात बंगले चिकार झाले, त्यांची मुलं शिकतात पुण्यातच.

प्रश्न : घरून काम करतो, सातबारा नाही. मुळशीत गावात जाऊन राहायचंय. जमीन घेऊ का?
– वाचक, कोथरूड

उत्तर : शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम ६३ आड येतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘पाच गुंठे करून देतो’ म्हणणाऱ्याला तुकडेबंदीचं, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचं विचारा, तो विषय बदलेल. गावठाणातलं घर मात्र बिगरशेतकऱ्यालाही घेता येतं. तेही लगेच नको. आधी वर्षभर भाड्याने राहा. पाणी मे महिन्यात बघा, छप्पर, वीज आणि नेटवर्क जुलैत. डिसेंबरात कुठलंही घर चांगलंच दिसतं. राहायला गेल्यावर नमुना ८ अर्ज भरून मतदारयादीतलं नाव तिकडे हलवा. इथला ८ निवडणूक आयोगाचा, घरपट्टीचा नव्हे.