गच्चीवर थांबणारा ड्रोन

प्रश्न : शेजारचा मुलगा रोज संध्याकाळी ड्रोन उडवतो. आई वाळलेले कपडे काढत असते, तेव्हा तो आमच्या गच्चीवर येऊन थांबतो. दगड मारून पाडावा का?

उत्तर : नाही! तो कुणाच्या डोक्यात पडला, तर तुमच्याच अंगाशी येईल. पण तुमचा राग अगदी रास्त आहे. 'जमीन ज्याची, वरचं आकाशही त्याचं' हा जुना समज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४६ साली कॉस्बी खटल्यात मोडीत काढला. तरीही कोंबड्या पाळणाऱ्या कॉस्बींना दाद मिळाली, कारण लष्करी विमानं त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात आणि कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. इंग्लंडमध्ये १९७७ साली घराचा विमानातून काढलेला एक फोटो अतिक्रमण ठरला नाही. मात्र सततची पाळत उपद्रव ठरू शकते, असं न्यायाधीशांनी बजावलं.

तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय : रोज, कमी उंचीवर, थांबून. अशा पक्षकाराकडे मी आधी वही मागते. तारीख, वेळ, किती मिनिटं थांबला. व्हिडिओत ड्रोन आणि तुमची कपड्यांची दोरी एकत्र दिसू द्या, म्हणजे उंचीबद्दल वाद उरत नाही. मग मुलाच्या आईवडिलांना भेटा. ऐकलं नाही, तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.