यूकेमध्ये टेस्ट पास झाल्यानंतरची दोन वर्षं : वेगमर्यादा, पॉइंट आणि परवाना

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : भारतात दहा वर्षं गाडी चालवली आहे, इंग्लंडमध्ये वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याची नोकरी मिळाली आहे, गाडी चालवणं हा कामाचाच भाग आहे. तिथे वेगमर्यादा ओलांडली तर काय होतं, आणि नवीन ड्रायव्हरसाठीचे कडक नियम तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला लागू होतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. हो, लागू होतात. तुमची दहा वर्षं इथल्या कायद्याच्या हिशेबात धरली जात नाहीत.

इथे राहायला आल्यापासून बारा महिने तुम्ही भारतीय परवान्यावर गाडी चालवू शकता. त्यानंतर नाही. ज्या देशांचे परवाने थेट बदलून मिळतात त्या यादीत भारत नाही, म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ परवाना काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रोव्हिजनलला ऑनलाइन ३४ पौंड, थिअरीला २३, प्रॅक्टिकलला आठवड्याच्या दिवशी ६२. प्रॅक्टिकल ज्या दिवशी पास व्हाल त्या दिवसापासून तुम्ही ‘नवीन ड्रायव्हर’. पुढची दोन वर्षं तुमच्यावर १९९५ चा न्यू ड्रायव्हर्स अ‍ॅक्ट चालतो, जो १ जून १९९७ पासून अमलात आहे. वय अठरा असो की अठ्ठेचाळीस, फरक पडत नाही.

हा कायदा सांगतो एवढंच : त्या दोन वर्षांत केलेल्या गुन्ह्यांमुळे परवान्यावरचे पॉइंट, म्हणजे वाहतुकीच्या गुन्ह्याबद्दल नोंदले जाणारे दोषांक, सहा किंवा जास्त झाले की परवाना रद्द. इतर ड्रायव्हरांची मर्यादा तीन वर्षांत बारा पॉइंटची असते, आणि बारा झाले तरी कोर्टासमोर उभं राहून ‘परवाना गेला तर माझ्या घरच्यांचे अतोनात हाल होतील’ असं मांडता येतं. नवीन ड्रायव्हरला ती सोय नाही. सहावा पॉइंट नोंदला गेला की डीव्हीएलएचं, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं पत्र येतं आणि परवाना जातो. नोकरी जाईल, आई आजारी आहे, मुलं लहान आहेत, हे ऐकून घ्यायला त्या टप्प्यावर कुणी बसलेलं नसतं. मला हा कायदा कठोर वाटतो, पण त्यामागचं कारण पटतं : ज्याने नुकतीच परीक्षा दिली आहे त्याने ती मनावर घेतली की नाही हे पाहण्याचा तो काळ आहे.

परवाना रद्द होणं म्हणजे काही दिवसांची बंदी नव्हे. तुम्ही पुन्हा शिकाऊ होता. पुन्हा प्रोव्हिजनल, गाडीवर लाल ‘एल’, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षं पूर्ण परवाना असलेला माणूस. पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल, आणि प्रॅक्टिकलची तारीख मिळायला बऱ्याच शहरांत महिनोन् महिने लागतात. तोवर सकाळी सातला एका आजींकडे आणि आठला दुसऱ्या आजोबांकडे तुम्ही पोचणार कशा? तुमच्या कामात परवाना गेला म्हणजे बहुधा काम गेलं, आणि तुमचा व्हिसा त्या कामाशी बांधलेला असेल तर गोष्ट गाडीपुरती राहत नाही. म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

परीक्षा पुन्हा पास झालात तरी आधीचे पॉइंट पुसले जात नाहीत. मात्र दोन वर्षांचा हा काळ आयुष्यात एकदाच असतो, दुसऱ्यांदा पास झाल्यावर तो नव्याने सुरू होत नाही. आणखी एक : प्रोव्हिजनलवर असताना मिळालेले पॉइंटही या सहात धरतात. शिकताना तीन मिळाले असतील तर पास झाल्यावर हातात फक्त तीन उरतात. हिशेब गुन्ह्याच्या तारखेवरून होतो, त्यामुळे प्रकरण लांबवून दोन वर्षं उलटू द्यायची ही युक्ती चालत नाही. भारतीय परवान्यावरच्या पहिल्या बारा महिन्यांत केलेला गुन्हाही वाऱ्यावर जात नाही, तुमच्या नावाने नोंद उघडली जाते.

आता वेग. सगळं मैलांत आहे हे डोक्यात पक्कं बसवा. ३० मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, ६० म्हणजे सुमारे ९७, ७० म्हणजे सुमारे ११३. किलोमीटरची सवय असलेल्या नजरेला काट्यावरचा ४० चा आकडा निवांत वाटतो, पण तो ६४ किलोमीटर असतो आणि वस्तीत ती मर्यादा ओलांडून बरंच पुढे गेलेली असते.

वेगमर्यादा ओलांडण्याची किमान शिक्षा १०० पौंड दंड आणि तीन पॉइंट. म्हणजे दोनदा किरकोळ चूक झाली की परवाना गेला. इंग्लंड-वेल्समध्ये वेग थोडाच जास्त असेल तर पोलीस दंडाऐवजी स्पीड अवेअरनेस कोर्स देऊ शकतात : त्याची फी भरायची, काही तास बसायचं, पॉइंट नाहीत. मार्गदर्शक आकड्यांनुसार ३० च्या रस्त्यावर ३५ ते ४२ दरम्यान पकडले गेलात तर कोर्स मिळू शकतो. तीन वर्षांत एकदाच मिळतो आणि मिळेलच असा हक्क नाही. देऊ केला तर नवीन ड्रायव्हरने डोळे झाकून घ्यावा. ‘३४ पर्यंत चालतं’ असं इथले आपलेच लोक तुम्हाला ठामपणे सांगतील. त्यावर विसंबू नका. कायद्याने ३१ हाही गुन्हा आहे, सूट देणं पोलिसांच्या मर्जीवर आहे.

प्रकरण कोर्टात गेलं तर इंग्लंड-वेल्समध्ये तीन पायऱ्या असतात. ३० च्या रस्त्यावर ४० पर्यंत तीन पॉइंट आणि दंड साधारण अर्ध्या आठवड्याच्या कमाईएवढा. ४१ ते ५० ला चार ते सहा पॉइंट आणि आठवड्याची कमाई. ५१ पासून पुढे सहा पॉइंट आणि दीड आठवड्याची. वरच्या दोन पायऱ्यांवर पॉइंटऐवजी काही दिवसांची बंदी घालण्याचा अधिकार कोर्टाला असतो. दंडाची कमाल मर्यादा १,००० पौंड, मोटरवेवर २,५००. थोडक्यात, रिकाम्या रस्त्यावर एकदाच ५२ ने गेलात तर एका फटक्यात सहा होऊ शकतात. कोर्टाचं समन्स आलं तर वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही कबूल करून पाठवू नका. सहा पॉइंट आणि काही दिवसांची बंदी यांतला फरक नवीन ड्रायव्हरसाठी फार मोठा असतो.

रस्त्यावर मर्यादा ओळखायची कशी, इथे नवखे लोक हमखास फसतात. इंग्लंडमध्ये थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याचे दिवे असलेला रस्ता म्हणजे ३०, वेगळी पाटी नसेल तर. त्या ३० ची आठवण करून देणाऱ्या पाट्या पुढे लावतच नाहीत. दिवे हीच पाटी. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून अशा रस्त्यांवर साधारणपणे २० आहे, त्यामुळे सीमेजवळ काम असेल तर जास्त सावध. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ म्हणजे राष्ट्रीय मर्यादा : दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ७०. गावाकडच्या एका गाडीपुरत्या बोळातही ही पाटी दिसेल. तिथे ६० ने जा असं ती सांगत नाही, वळणापलीकडे ट्रॅक्टर किंवा घोडेस्वार असू शकतो. मोटरवेवर डोक्यावरच्या फलकावर लाल कड्यात आकडा पेटला की तो बंधनकारक. रस्त्याची कामं चालू असतील तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे असतात, त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे सुसाट निघण्याचा उपयोग नाही. गाडीत स्पीड लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारी सोय असेल तर तो लावून ठेवायची सवय पहिल्या आठवड्यातच करा. तुमचं काम वेळेला बांधलेलं आहे, एका घरी दहा मिनिटं जास्त गेली की ती रस्त्यात भरून काढावीशी वाटतात. ती भरून काढायची नाहीत. ऑफिसला फोन करून उशीर होतोय म्हणून सांगा, आणि तोही गाडी थांबवूनच.

फोनवरून आठवलं. वेग सोडून आणखी तीन गोष्टी एकाच वेळी सहा पॉइंट देतात. पहिली, हातात धरलेला फोन : २०० पौंड आणि सहा पॉइंट. मार्च २०२२ पासून फोटो काढणं, स्क्रीन सरकवणं, गाणं बदलणं सगळंच त्यात आलं, सिग्नलला उभ्या असलात तरी. पुढच्या घराचा पत्ता बघायचा असेल तर फोन स्टँडवर ठेवून निघण्याआधी लावून घ्या.

दुसरी, विमा नसणं : ३०० पौंड आणि सहा पॉइंट. यात तुमच्यासाठी खास धोका आहे. खासगी वापराचा किंवा फक्त कामावर जाण्या-येण्याचा विमा एका रुग्णाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जायला पुरत नाही. त्याला ‘बिझनेस यूज’ लागतो. प्रीमियम वाचवायला कुणी हा शब्द गाळायला सुचवलं तर ऐकू नका. कायद्याने त्या फेरीपुरत्या तुम्ही विनाविमा ठरू शकता.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक, कारण तिचा गाडी चालवण्याशी संबंधच नाही. कॅमेऱ्याने पकडलं की गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर साधारण चौदा दिवसांत नोटीस पोचते. गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवायचं. कळवलं नाही तर तो स्वतंत्र गुन्हा : सहा पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. मूळ वेगाला तीनच पॉइंट असते, कदाचित कोर्सवर सुटलं असतं, पण पत्र न उघडल्याने परवाना जातो. नवीन माणूस पहिल्या दोन वर्षांत खोल्या बदलत राहतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा घर बदलून गेला, पत्रं जुन्या खोलीच्या दारात साठत राहिली, आणि त्याच्यामागे कोर्टात निकाल लागून गेला. वेगाची चूक त्याने नाकारलीच नसती. घर बदललं की त्याच आठवड्यात दोन्ही कागदांवरचा पत्ता बदला : परवाना आणि व्ही५सी नावाचं गाडीचं नोंदणीपत्र. हे दोन वेगळे अर्ज आहेत, एक केला म्हणजे दुसरा होत नाही. काही महिने टपाल खात्याकडून पत्रं नव्या पत्त्यावर वळवून घ्या. आणि तुमच्यामागे निकाल लागलाच, तर कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन प्रकरण पुन्हा उघडता येतं, हे लक्षात ठेवा.

त्या पत्राबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. घरात जुना परवाना असलेलं कुणी असलं की ‘माझ्या नावावर घे, माझ्याकडे एकही पॉइंट नाही’ असं प्रेमापोटी म्हटलं जातं. चुकूनही करू नका. ख्रिस ह्यून हे पुढे ब्रिटनचे मंत्री झाले. २००३ मधल्या त्यांच्या वेगाच्या गुन्ह्याचे पॉइंट तेव्हाच्या पत्नी व्हिकी प्राइस यांनी स्वतःवर घेतले. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. तीन पॉइंटसाठी. ज्या आपल्या माणसाचा इथला मुक्काम व्हिसावर आहे, त्याला अशा शिक्षेत कुठे ढकलायचं?

कोर्टाने दोषी ठरवलं असेल तर ते पुढे व्हिसा, कायमचं वास्तव्य आणि नागरिकत्वाच्या अर्जात विचारलं जातं. तिथे खरं लिहा, लपवणं मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतं. विमा कंपन्या मागच्या पाच वर्षांचं विचारतात, तेव्हा तीन पॉइंटही प्रीमियममध्ये बराच काळ दिसत राहतात.

क्रमाबद्दल माझं मत विचाराल तर, आल्या आल्या प्रोव्हिजनलचा अर्ज करा आणि थिअरी लवकर उरका. बारा महिने आहेत म्हणून दहाव्या महिन्यापर्यंत थांबणारे बरेच जण तारखेअभावी अडकतात आणि मध्येच गाडी बंद ठेवावी लागते. थिअरीचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. चार-सहा शिकवण्या इथल्या प्रशिक्षकाकडे घ्याच, राउंडअबाउट आणि आरशाच्या सवयींसाठी. पास झाल्यावर गाडीला हिरवा ‘पी’, म्हणजे नवीन ड्रायव्हरची खूण लावण्याची सक्ती ग्रेट ब्रिटनमध्ये नाही, पण लावा. मागची गाडी घाई करत असली तरी तुम्ही ३० लाच का जाताय ते तिला कळतं.